लंडनच्या नव्या लॉर्ड मेयरचा पदग्रहण सोहळा आणि मिरवणूक वडिलांना दाखवायची आहे: जाणकारांनी माहिती द्यावी

रुचिरा, हॅरो (लंडन)

सर्वांना नमस्कार.

माझे वडील महाराष्ट्रातील एका महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयातून निवृत्त झाले असून येत्या ऑक्टोबरात ते आणि आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. सभेची विषयपत्रिका काढणे, इतिवृत्त लिहिणे आणि महापौरपदाच्या निवडणुकीसाठी बोलावलेल्या विशेष सभेत वर झालेले हात मोजणे, हे त्यांचे काम होते. निकाल जाहीर झाला की महापौरांच्या दालनात हारांचा आणि पुष्पगुच्छांचा इतका ढीग पडे की टेबलावर कागद ठेवायला जागा उरत नसे. बाहेर गुलाल उधळला जात असे, ढोल वाजत असत, आणि बाबा इतिवृत्ताची वही पोटाशी धरून गर्दी ओसरण्याची वाट पाहत दाराशी उभे राहत. अशा प्रसंगी त्यांना घरी यायला रात्रीचे अकरा वाजत, हे मला लहानपणापासून आठवते.

त्यामुळे नोव्हेंबरात येथे होणारी लॉर्ड मेयरची मिरवणूक त्यांना दाखवावी, असे मनात आहे. मी स्वतः दहा वर्षे लंडनमध्ये राहूनही ती एकदाही पाहिलेली नाही. बाबांनी फोनवर विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "लंडनचे महापौर सादिक खान ना? मग दर वर्षी नवा महापौर कुठून येतो?" दुसरा प्रश्न असा की नवा लॉर्ड मेयर पदभार कधी आणि कोणासमोर स्वीकारतो, आणि मिरवणूक त्याआधी असते की नंतर? तिसरा प्रश्न माझा आहे. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना तासभर सलग उभे राहणे जमणार नाही, तेव्हा त्यांना कोठे न्यावे?

अभिजित, चीपसाइड

रुचिरा, तुमच्या वडिलांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि येथे जन्मलेल्या पुष्कळांनाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. माझे कार्यालय मिरवणुकीच्या वाटेवरच असल्याने गेली बारा-तेरा वर्षे मी हा सोहळा जवळून पाहत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लंडनमध्ये दोन वेगवेगळी पदे आहेत. एक मेयर ऑफ लंडन, जे संपूर्ण महानगराचे असून 2000 पासून मतदार त्यांना थेट निवडून देतात. केन लिव्हिंगस्टन, बोरिस जॉन्सन आणि 2016 पासून सादिक खान हे त्या पदावरचे. दुसरे पद लॉर्ड मेयरचे, आणि ते सिटी ऑफ लंडन नावाच्या जेमतेम एक चौरस मैलाच्या जुन्या शहरापुरते आहे. या शहराची स्वतःची महानगरपालिका आहे, 25 प्रभाग आहेत, प्रत्येक प्रभागाचा एक याप्रमाणे 25 आल्डरमन (ज्येष्ठ नगरसदस्य) आणि त्यांच्याखेरीज 100 सदस्यांचे सभागृह आहे. कायम वस्ती मात्र आठ-नऊ हजारांचीच असून दिवसा तेथे लाखो लोक कामाला येतात. लॉर्ड मेयरची मुदत एका वर्षाची असते, म्हणून दर नोव्हेंबरात नवा सोहळा.

निवड सप्टेंबरच्या अखेरीस गिल्डहॉलमध्ये, म्हणजे या शहराच्या जुन्या नगरभवनात होते. ती सर्वसामान्य मतदार करीत नाहीत. शहरातील जुन्या व्यवसाय-संघांचे, म्हणजे लिव्हरी कंपन्यांचे सभासद आल्डरमनांपैकी दोन नावे पुढे पाठवतात आणि त्यांतील एकाची निवड आल्डरमनांची सभा करते. उमेदवाराने त्याआधी शेरीफचे पद भूषवलेले असावे लागते. (मुंबईचे नगरपाल हे पद याच इंग्रजी परंपरेतून आलेले, हे आपल्या वडिलांना नक्की ठाऊक असेल.)

आता पदभाराविषयी. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, गिल्डहॉलमध्ये एक विधी होतो, त्याला मूक समारंभ म्हणतात. नवा लॉर्ड मेयर पदाची प्रतिज्ञा वाचतो तेवढेच शब्द, त्यानंतर कोणी काही बोलत नाही. मावळता लॉर्ड मेयर आपली जागा सोडतो, नवा तेथे बसतो, आणि मग एकेक अधिकारी वाकून नमस्कार करीत, मोजकी पावले टाकीत पुढे येतो आणि राजदंड, मोहोर, थैली, तलवार एकामागून एक नव्या हाती सोपवल्या जातात. तलवार धरणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर फरची उंच टोपी असते आणि त्या टोपीत एक लहानसा कप्पा असतो. मोहोरेची किल्ली त्या कप्प्यातून निघते, मावळत्याच्या हातातून नव्याच्या हातात जाते आणि पुन्हा टोपीत जाऊन बसते. एवढे मोठे सभागृह आणि ऐकू येतो तो फक्त बुटांचा आवाज. इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला हा विधी फार आवडेल, परंतु आत जागा मर्यादित असते. त्यामुळे शनिवारच्या मिरवणुकीवरच भर द्यावा.

मिरवणूक आधी की नंतर, या प्रश्नातच सगळे मर्म आहे. इंग्लंडच्या जॉन राजाने 1215 मध्ये सनद देऊन लंडनच्या नागरिकांना आपला मेयर दर वर्षी स्वतः निवडण्याचा हक्क दिला, मात्र अट अशी घातली की निवडून आलेल्या माणसाने शहराबाहेर येऊन वेस्टमिन्स्टरला राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली पाहिजे. मेयर शपथेला निघाला की शहर त्याच्याबरोबर निघू लागले, आणि हीच ती मिरवणूक. आपल्याकडे निवडून आल्यावर विजयाची मिरवणूक निघते. येथे मेयर शपथ घ्यायला जातो, तीही दिवसाढवळ्या, सगळ्या शहराच्या देखत, आणि शपथ घेऊन त्याच लोकांमधून परत येतो. आता शपथ वेस्टमिन्स्टरऐवजी स्ट्रँडवरील रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस या न्यायालयात, देशाच्या वरिष्ठ न्यायमूर्तींसमोर होते. वाटेत सेंट पॉल कॅथीड्रलपाशी थांबून आशीर्वाद घेतला जातो.

शतकानुशतके हा प्रवास टेम्स नदीतून सजवलेल्या नावांनी होत असे. चित्ररथाला इंग्रजीत जो 'फ्लोट' शब्द आहे, तो या तरंगत्या नावांवरून पडला असे येथील लोक सांगतात. रस्त्यावरून जाणारे मेयर आधी घोड्यावर बसत. 1710 मध्ये एक लॉर्ड मेयर घोड्यावरून पडले, पाय मोडला, आणि तेव्हापासून गाडी आली. आजची सोनेरी गाडी 1757 मधली आहे, तिला सहा घोडे लागतात आणि लांबून पाहिले तर ती देवळाच्या रथासारखी दिसते. गाडीच्या दोन्ही बाजूंना भाले खांद्यावर घेतलेले जुन्या वेशातले सैनिक चालतात. भालदार-चोपदार म्हटले की वडिलांना लगेच कळेल. लाल झगा घातलेले लॉर्ड मेयर खिडकीतून अर्धे बाहेर झुकून पिसे लावलेली तिकोनी टोपी हलवत असतात.

आणखी एक. गाडी अगदी शेवटी येते. तिच्या आधी सुमारे सात हजार माणसे चालत जातात, त्यांत शाळांची मुले, बँडपथके, रुग्णवाहिकांचे स्वयंसेवक, सैन्यदलांच्या तुकड्या आणि व्यवसाय-संघांचे चित्ररथ असतात. त्यामुळे लहान मुलांना घेऊन आलेले लोक पहिल्या अर्ध्या तासात कंटाळून निघाले, तर मुख्य माणूसच पाहायचा राहून जातो.

सुलभा, ईलिंग

अभिजित यांनी इतिहास उत्तम सांगितला आहे. मी एकेचाळीस वर्षे येथे राहत असून दिवंगत सासूबाईंना दोनदा चाकाच्या खुर्चीतून मिरवणुकीला नेले होते, म्हणून व्यवहाराचे तेवढे सांगते.

दिवस नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. मिरवणूक अकराच्या सुमारास मॅन्शन हाउस या लॉर्ड मेयरच्या निवासस्थानापासून निघते. पाहायला पैसे पडत नाहीत, मात्र काही ठिकाणी बसण्याचे मंच उभारलेले असतात आणि त्यांची तिकिटे असतात. गुडघ्याचे दुखणे असेल, तर मी मंचाचे तिकीटच काढायला सांगेन, कारण नोव्हेंबरातल्या ओल्या थंडीत पदपथावर दोन तास उभे राहणे धडधाकट माणसालाही जड जाते. तिकीट मिळाले नाही, तर दहाच्या आतच जागा धरावी आणि घडीचे स्टूल बरोबर न्यावे. परतीची वाट नदीच्या बाजूने असते. तेथे गर्दी किंचित विरळ असते आणि बाबा मागे बाकावर टेकू शकतील. त्या दिवशी आसपासचे रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीचा विचार करू नका, भुयारी रेल्वेनेच जा आणि परत येताना गर्दीचे मुख्य स्थानक टाळून एक स्थानक चालत पुढे जा.

थर्मासमध्ये चहा न्यावा, हातमोजे आणि कानटोपी विसरू नये. सासूबाईंना थंडी वाजेल म्हणून मी सोलापुरी चादर त्यांच्या पायांवर टाकली होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका इंग्रज आजींनी तिची वीण हातात घेऊन पाहिली. पुढे दोघी कोणत्या भाषेत बोलल्या ते मला सांगता येणार नाही, पण मिरवणूक संपेपर्यंत बोलत होत्या.

दोन वेताचे राक्षस अवश्य दाखवा. गॉग आणि मॅगॉग त्यांची नावे, ते शहराचे रक्षक मानले जातात. टोपल्या विणणाऱ्यांच्या संघाने ते विणलेले आहेत आणि माणसांपेक्षा कितीतरी उंच आहेत. आमच्या साताऱ्याकडच्या बुरूड आळीत सुपे-टोपल्या विणताना पाहिलेल्या माणसाला त्या विणीची किंमत कळते. सासूबाई गाडीपेक्षा त्यांच्याकडेच अधिक वेळ पाहत राहिल्या होत्या.

वसंत, दादर

मी लंडनला गेलेलो नाही, परंतु मुंबई महानगरपालिकेचे कामकाज पुष्कळ वर्षे वाचत आणि प्रेक्षक सज्जातून पाहत आलो आहे, म्हणून तुलनेपुरते लिहितो.

'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवलेला असून तो इतका रुजला की त्याआधी आपण 'मेयर' म्हणत होतो हे कोणाच्या लक्षातही नसते. मुंबईत महानगरपालिकेच्या प्रमुखाला 1931 पर्यंत अध्यक्ष म्हणत, त्यानंतर मेयर ही संज्ञा आली. 1956 मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. लंडन सिटीला पहिली महिला लॉर्ड मेयर मिळाली ती 1983 मध्ये, मेरी डोनाल्डसन यांच्या रूपाने. या एका बाबतीत आपण 27 वर्षांनी पुढे होतो, हे तुमच्या वडिलांना जरूर सांगा. तेथे 2025 मध्ये पद स्वीकारणाऱ्या सुझन लँग्ली यांनी 'लेडी मेयर' ही संज्ञा प्रथमच वापरली. आपल्या 'महापौर' शब्दाला तसा बदल करावा लागला नाही.

एका वर्षाची मुदतही आपल्याला परकी नाही. मुंबईत कित्येक दशके महापौर वर्षावर्षाने बदलत. अडीच वर्षांची मुदत आणि आरक्षणाची सोडत या नंतरच्या गोष्टी. अधिकारांचे म्हणाल, तर आपल्या महापौरांकडे मान मोठा आणि प्रशासनाच्या किल्ल्या आयुक्तांकडे. लॉर्ड मेयरचेही बरेचसे काम शहराचे प्रतिनिधित्व करण्याचे असल्याने, 'महापौर' या शब्दाला सादिक खान यांच्यापेक्षा लॉर्ड मेयर अधिक जवळचे ठरतात, असे माझे मत आहे.

आमच्याकडच्या विशेष सभेचे वर्णन आपल्या वडिलांइतके चांगले मी करू शकणार नाही. पीठासीन अधिकारी अर्ज वाचून दाखवतात, माघारीसाठी थोडा वेळ देतात, मग हात वर करून मतदान होते आणि निकाल सांगून झाला की पीठासीन अधिकारी उठतात व नवे महापौर त्या आसनावर बसतात. हा आसन बदलण्याचा क्षण मला नेहमी हलवून जातो. पण तो पुरता पाहण्याआधीच घोषणा सुरू होतात आणि कॅमेरे मध्ये येतात. लंडनकरांनी तोच क्षण मुका ठेवला आहे, हे वाचून मी फार वेळ विचार करीत होतो. राजदंड हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा 'पळवला' या क्रियापदाबरोबरच छापून येतो. तो एखाद्या सभेत इतक्या आदराने हातात दिला जातो, हे आपल्या सभागृहांनीही पाहायला हवे.

मंदार, लेस्टर

चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

सोहळा देखणा आहे हे मान्यच आहे. परंतु तो कोणाचा सोहळा आहे, हेही वडिलांना सांगावे. सिटीच्या स्थानिक निवडणुकीत रहिवाशांबरोबर तेथील कंपन्यांच्या वतीनेही मते दिली जातात, आणि लॉर्ड मेयरची निवड तर थेट मतदानाने होतच नाही. ज्या व्यवसाय-संघांचे चित्ररथ आपण कौतुकाने पाहतो, त्यांचे सभासद असलेल्या सिटीतल्या व्यापाऱ्यांच्या पैशातूनच 1600 मध्ये ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. 1668 मध्ये याच कंपनीला मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली. लेडनहॉल स्ट्रीटवर जेथे आज लॉईड्स या विमा बाजाराची पोलादी इमारत आहे, तेथे कंपनीचे मुख्यालय होते. मिरवणूक जेथून निघते तेथून ते चालत दहा मिनिटांवर आहे. महापालिकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला लोकांनी निवडून दिलेल्या महापौराचा शपथविधी दाखवायचा असेल, तर सादिक खान यांनी 2016 मध्ये सदर्क कॅथीड्रलमध्ये सर्व धर्मांच्या लंडनकरांसमोर पदग्रहण केले, त्याची चित्रफीत दाखवणे मला अधिक उचित वाटते.

अभिजित, चीपसाइड

मंदार, आपण लिहिलेले एकही वाक्य मी नाकारत नाही. लेडनहॉल स्ट्रीटचा उल्लेख मीच करायला हवा होता. रुचिरा, शक्य असल्यास वडिलांना तेथेही घेऊन जा.

तरीही मिरवणूक पाहू नये, असे मला वाटत नाही. थेट निवडून न आलेल्या माणसालासुद्धा वर्षातून एकदा रस्त्यावर यावे लागते, न्यायमूर्तींसमोर उभे राहावे लागते आणि मुदत संपली की ती खुर्ची सोडावी लागते, हा शिरस्ता शतकानुशतके टिकला आहे. महासाथीमुळे 2020 मध्ये मिरवणूक रद्द झाली, तेव्हा कार्यालयाच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहून मला स्वतःला चुकल्यासारखे झाले होते.

व्यवसाय-संघांविषयीही थोडे सांगतो. असे संघ, म्हणजे 'श्रेणी', आपल्याकडेही होत्या. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. येथील संघ आजवर जिवंत आहेत, एवढाच फरक. त्यांचा मानाचा क्रम 1515 मध्ये ठरला. कापड व्यापारी पहिले, किराणा व्यापारी दुसरे, असा तो क्रम आहे. शिंपी आणि कातडी-व्यापारी यांच्यात सहावा कोण आणि सातवा कोण यावरून त्याआधीच भांडण झाले होते. 1484 मध्ये तेव्हाच्या मेयरनी निवाडा दिला की दोघांनी दर वर्षी आलटून-पालटून सहावे आणि सातवे व्हावे, आणि एकमेकांना जेवायला बोलवावे. तो निवाडा आजही पाळला जातो. माउलींच्या पालखीत रथापुढच्या 27 दिंड्या आपापल्या क्रमांकानेच चालतात, हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नव्या संघांपैकी एक तर माझ्याच व्यवसायाचा, माहिती-तंत्रज्ञानाचा आहे. 1992 मध्ये तो शंभरावा संघ म्हणून या मालिकेत आला.

रुचिरा, हॅरो (लंडन)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री सगळी उत्तरे बाबांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवली. मध्ये दोनदा त्यांनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावले, एकदा टोपीतल्या किल्लीपाशी आणि एकदा वसंतकाकांनी लिहिलेल्या आसन बदलण्याच्या प्रसंगापाशी. काका, ते म्हणाले की त्या क्षणी सभागृहात काय चालले होते हे त्यांना एकदाही नीट पाहता आले नाही, कारण निकालाची वेळ घड्याळात पाहून वहीत टिपण्यासाठी त्यांची मान नेहमी खालीच असे.

सुलभाताई, मंचाची तीन तिकिटे मिळवण्याचा प्रयत्न करते, आणि नाहीच मिळाली तर नदीकाठच्या वाटेवर जाऊ. चादर आईच आणणार आहे. मंदार, शुक्रवारी दुपारी त्यांना लेडनहॉल स्ट्रीटला नेण्याचे ठरवले आहे. दहा पौंडांची गोष्ट त्यांना ठाऊक होती, इमारतीची जागा नव्हती.

अभिजित, बाबांनी आपल्यासाठी एक प्रश्न दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते: "दोन संघांचा क्रम दर वर्षी बदलतो, तर यंदा सहावे कोण आणि सातवे कोण, याची नोंद कोणत्या वहीत असते आणि ती वही कोण लिहितो?"